मदत हवी आहे: डिप्लोमानंतर थेट दुसरं वर्ष, एम-३ (इंजिनीअरिंगचं गणित-३) च्या आधी नेमकं काय करू?

मेकॅनिकल डिप्लोमा करून इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळालाय. तिसऱ्या सेमला एम-३ आहे: लाप्लास, फूरिए, व्हेक्टर कॅल्क्युलस. वर्गातल्या बाकीच्यांचं एम-१, एम-२ झालेलं असणार, याची खूप धास्ती वाटते.

डिप्लोमाचं गणित पुन्हा काढलं. इंटिग्रेशन बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन्स जमतात, त्यामुळे इन्व्हर्स लाप्लासची साधी गणितं सुटतात. गाडी अडते व्हेक्टर कॅल्क्युलसला. ग्रेडियंट, डायव्हर्जन्स, कर्ल तिन्हींना पार्शल डेरिव्हेटिव्ह लागतात, ग्रीनच्या प्रमेयाला डबल इंटिग्रल. आम्हाला हे दोन्ही नव्हतं. नुसती सूत्रं पाठ करून पाहिली, पण डबल इंटिग्रलच्या मर्यादा (लिमिट्स) ठरवतानाच चुकतं; क्षेत्रातली पट्टी आडवी घ्यायची की उभी, हेच कळत नाही.

वर्ग तीनेक आठवड्यांत सुरू होतील. नोकरीमुळे रोज दोनच तास मिळतात, क्लास परवडणार नाही. इंग्रजी पुस्तक चालेल. एम-१, एम-२ पूर्ण करणं या वेळात होणार नाही, तेव्हा कृपया तसं सुचवू नका.

पार्शल डेरिव्हेटिव्ह, मग चेन रूल, मग डबल इंटिग्रल हा क्रम बरोबर आहे का? आणि आयगेन व्हॅल्यू, इन्फिनिट सीरीज आत्ता सोडले तर तिसऱ्या सेमला नेमकं कुठे अडेल?