जुन्या स्पेस गेमचं पुनरुज्जीवन: कोणता टियर घेऊ? मतदानवाला घेण्यात अर्थ आहे का?

रिकामी_कॉकपिट
नमस्कार मंडळी. शाळेत असताना ज्या स्पेस गेमपायी अभ्यासाचं वाटोळं केलं, तो परत येतोय. मूळ चमूतले दोघं आहेत, बाकी नवी पोरं. किकस्टार्टरवर (लोकांकडून आगाऊ पैसे जमवायची साइट) मोहीम चालू आहे. गेमचं नाव मुद्दाम देत नाही, मागे एकाचा धागा जाहिरात म्हणून उडवला होता. एकट्याने खेळायचा, व्यापार, चाचेगिरी, भटकंती असा मामला. ओळखणारे ओळखतील.

टियर (किती पैसे दिले की काय मिळणार त्या पायऱ्या) असे आहेत: २५ डॉलरला डिजिटल प्रत. ४५ ला प्रत आणि बीटा (रिलीजआधीची चाचणी आवृत्ती). ९० ला डिजिटल प्रत, खोका, छापील मॅन्युअल आणि मोठा घडीचा नकाशा, पण बीटा नाही. १५० ला हे सगळं आणि वर 'डिझाइन परिषद'. म्हणजे बंद फोरम, तिथे उड्डाण कसं असावं, बाजारभाव कसे हलावेत, सेव्ह कुठे करता यावं यावर चर्चा आणि मतदान.

बजेट ५० डॉलर. त्याच्या वर जाणार नाही. परिषदेत खरंच ऐकून घेतात का, की नुसती बोळवण? आणि बीटा घेऊन फायदा होतो का? अनुभवी लोकांनी सांगा.

टर्बोबटण
१५० घ्या. डोळे झाकून.

एलिट डेंजरस या स्पेस गेमचं उदाहरण समोर आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये साडेबारा लाख पाउंड मागितले, जानेवारीत मोहीम संपली तेव्हा पावणेसोळा लाखांच्या वर जमले होते. वरच्या टियरवाल्यांसाठी डिझाइन डिसिजन फोरम होता. टीम प्रस्ताव टाकायची, लोक त्याची चिरफाड करायचे, मग सुधारित प्रस्ताव यायचा. खेळ घडताना आत बसायला मिळणं वेगळंच असतं. प्रत काय, नंतर सेलमध्ये कुणालाही मिळते.

रिकामी_कॉकपिट
धन्यवाद. पण बजेट ५० आहे हो.

टर्बोबटण
वाचलं. तरी १५०.

कासवगती
टर्बोशेठ, अर्धीच गोष्ट सांगता. त्याच एलिट डेंजरसमध्ये ऑफलाइन मोड येणार असं मोहिमेत सांगितलं होतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये, रिलीज महिन्यावर आलेलं असताना, ऑफलाइन रद्द झाल्याचं जाहीर केलं. परताव्यावरून केवढा गदारोळ झाला होता. एवढा मोठा निर्णय, तिथे कुठे गेलं होतं तुमचं आत बसणं?

मतदान त्यांनी मांडलेल्या विषयावर होतं. विषय कोणता मांडायचा हे तेच ठरवतात. रंग निळा की हिरवा ते विचारतील, सर्व्हर लागणार की नाही ते विचारणार नाहीत.

टर्बोबटण
एकट्याने खेळायचा सोलो मोड होता ना.

कासवगती
होता, पण इंटरनेट लावून. इंटरनेट गेलं की अंतराळवीर घरी.

थ्रस्टर_बिघडला
मला एकच सांगा, उड्डाण न्यूटनच्या नियमाने आहे की विमानासारखं? बाकी सगळं नंतर. १९९३ चा फ्रंटियर (जुन्या एलिटचा पुढचा भाग) खरा खेळ होता. इंजिन बंद केलं तरी जहाज जातच राहायचं, वेग कमी करायचा तर तोंड फिरवून उलटा जोर लावायचा. अंतराळात ब्रेक नसतो!

मालवाहू
@थ्रस्टर_बिघडला, आणि त्यामुळे लढाईत काय व्हायचं तेही सांगा की. शत्रू समोरून भन्नाट वेगाने येणार, सूंऽऽ करून निघून जाणार, आपण वळून त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर तो परत सूंऽऽ. त्याला काय लढाई म्हणायचं?

बाय द वे धागाकर्त्याला माझा सल्ला, टियर वगैरे राहू द्या, आधी चांगला होटास (जॉयस्टिक आणि थ्रॉटलची जोडी) घ्या. मी नुकताच नवीन घेतलाय, थ्रॉटल धातूचा, वजनदार. सोबत रडर पेडल. व्हीआर आहेच. कीबोर्डवर स्पेस गेम खेळणं म्हणजे चमच्याने विहीर उपसणं.

रिकामी_कॉकपिट
मूळ खेळ कीबोर्डवरच होता, आणि मला तसाच खेळायचाय. बजेट अजूनही ५० आहे.

थ्रस्टर_बिघडला
@मालवाहू, तुम्हाला जमलं नाही म्हणजे खेळ वाईट असं नसतं. एलिट डेंजरसमध्ये फ्लाइट असिस्ट (जहाज आपोआप सावरणारी मदत) बंद करायची सोय ठेवलीच ना? दोन्ही बाजूंचे लोक भांडले म्हणूनच असली सोय मिळते. म्हणून परिषदेत न्यूटनवाले बसायलाच हवेत. मी १५० टाकणार आहे. धागाकर्ते, तुम्हीही टाका आणि आमच्या बाजूने मत द्या.

लेझर_उधारीवर
अशाच एका मोहिमेत (नाव घेत नाही, भांडण नको) मी खोक्यावाला टियर घेतला होता. ऐका:

पैसे घेतल्यावर मधे एक सर्व्हे येतो, त्यात पत्ता आणि कोणत्या प्लॅटफॉर्मसाठी खेळाचा कोड हवा ते भरायचं. तो गेला स्पॅममध्ये. मुदत संपली. ईमेल टाकले, उत्तर यायचं, "आम्ही बघतो". मग टपालखर्च वेगळा मागितला, तो मोहिमेच्या पानावर अगदी खाली बारीक अक्षरात होता. खोका आला तेव्हा कोपरा चेपलेला, आत डिस्कच नाही, नुसता कोड छापलेला कागद. आणि कोड चालेना. खोका अजून माझ्याकडे आहे, त्यात मी केबल ठेवतो.

सबब २५ ची डिजिटल घ्या आणि गप्प बसा.

निवांत_नेबुला
सगळे टियरवर भांडताय, आधीचे प्रश्न कोणी विचारलेच नाहीत.

एक, हक्क कोणाकडे आहेत? मूळ चमूतले लोक आहेत म्हणजे नाव त्यांचंच असेल असं नाही. स्टार कंट्रोल २ (१९९२) आठवा. नावावरून कोर्टकज्जे झाले, २०१९ मध्ये तडजोड झाली, आणि आता मूळ निर्माते पुढचा भाग काढतायत तो 'फ्री स्टार्स' नावाने. तुमच्या मोहिमेत 'अधिकृत' लिहिलंय की 'प्रेरित', हे नीट वाचा.

दोन, हातात खेळता येण्याजोगं काही दिलंय का? डिसेंट या जुन्या गेमच्या मूळ लोकांनी २०१६ मध्ये ओव्हरलोड या नव्या गेमसाठी तीन लाख डॉलर मागितले तेव्हा सोबत खेळता येणारा डेमो ठेवला होता. खेळ २०१८ मध्ये आला. नुसती रंगीत चित्रं आणि पार्श्वसंगीत असेल तर सावध.

तीन, घाई नाही. किकस्टार्टरवर लक्ष्य गाठलं तरच आणि मोहीम संपल्यावरच कार्डावरून पैसे जातात, तोवर टियर बदला किंवा रद्द करा. पण एकदा गेले की किकस्टार्टर परत देत नाही, ते दुकान नव्हे. मग निर्मात्याच्या मागे लागायचं.

कासवगती
+१. डेमो आहे का बघा, हक्क कोणाकडे बघा. शिवाय वेळेचं वचन मनावर घेऊ नका. स्पेसव्हेंचर या गेमला २०१२ मध्ये पैसे मिळाले, देणगीदारांच्या हाती खेळ पडायला सुमारे दहा वर्षं गेली. स्टार सिटिझनही २०१२ चाच. आजवर ७० कोटी डॉलरांच्या वर जमलेत आणि अजून अल्फाच (अर्धवट चाचणी आवृत्ती).

मालवाहू
स्टार सिटिझनला नावं ठेवू नका. माझं जहाज आहे त्यात. चार जहाजं आहेत, खरं तर. एकाचं हँगर तर बघत राहावं असं आहे.

कासवगती
बघतच राहा. खेळ आला की कळवा.

रिकामी_कॉकपिट
@निवांत_नेबुला फार आभार. पाहिलं: 'अधिकृत' लिहिलंय, परवाना कोणाकडून घेतलाय तेही आहे. डेमो आहे, वीसेक मिनिटांचा. एक स्टेशन, तीन ग्रह, थोडी लढाई. डॉकिंग करताना (स्टेशनात शिरताना) जहाज एका बाजूला सरकतं, बाकी मस्त.

स्ट्रेच गोलचं काय मत? सध्या चालू आहे ते असं: अजून थोडे पैसे जमले तर ग्रह दहापट.

टर्बोबटण
दहापट ग्रह! मी परिषदेत याच्याच बाजूने मत देणार.

वाचनमात्र
बऱ्याच वर्षांनी लॉगिन केलं, केवळ या वाक्यासाठी.

१९८४ चा मूळ एलिट बीबीसी मायक्रोवर होता. मशीनची मेमरी ३२ केबी. ग्रहांची यादी साठवायला जागाच नव्हती, म्हणून एका बीजसंख्येवरून गणिताने ग्रहाचं नाव, सरकार, अर्थव्यवस्था, वर्णन सगळं जागच्या जागी तयार व्हायचं. बीज तेच तर ग्रहही दर वेळी तोच. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांना या युक्तीने २ चा ४८ वा घात इतक्या आकाशगंगा देता आल्या असत्या. म्हणजे सुमारे २८१ लाख कोटी. प्रकाशक अकॉर्नसॉफ्टने नको म्हटलं: एवढा आकडा पाहिला की मागे नुसतं गणित आहे हे उघडं पडतं. शेवटी ठेवल्या आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह. आणि लोकांना त्या आठ अफाट वाटल्या.

तेव्हा दहापट ग्रह हे बहुधा एका ओळीतला आकडा बदलण्याइतकं सोपं काम असेल. पैसे त्यात जात नाहीत. प्रत्येक ग्रहावर करायला काहीतरी हवं, त्यात जातात. परिषदेत गेलात तर ग्रह कमी करा म्हणून मत द्या.

टर्बोबटण
अहो पण एलिट डेंजरसमध्ये ४०० अब्ज तारकामंडळं आहेत, तिथे कोणी तक्रार केली नाही.

लेझर_उधारीवर
केली. मी केली.

पॅच_पांडू
पोटापाण्यासाठी गेम टेस्टिंग करतो, त्यामुळे बीटाबद्दल बोलतो. उशिरा आलो, माफी.

४५ चा टियर घ्या. परिषदेत शेकडो जण एकाच वेळी बोलतात, त्यात तुमचं मत म्हणजे एक मत. पण नीट लिहिलेला बग रिपोर्ट एकट्याचा असला तरी दुरुस्ती होते. तुम्ही वर डॉकिंगचं लिहिलंत ना, ते असं लिहून पाठवा:

"डेमो. स्टेशनच्या तोंडासमोर, वेग किमान. स्टेशनच्या फिरण्याशी जुळवायला उजवीकडे रोल दाबून धरला. अपेक्षित: जहाज जागच्या जागी फिरावं. झालं ते: फिरताना हळूहळू डावीकडे सरकून भिंतीला घासलं. फ्रेम रेट १२० ला दर वेळी होतं, ३० ला बांधल्यावर होत नाही."

शेवटची ओळ सोन्याची. ती वाचल्याबरोबर प्रोग्रामरला कळेल की हालचालीचा हिशेब फ्रेमला (पडद्यावर भराभर बदलणाऱ्या चित्रांना) बांधलेला आहे, वेळेला नाही. हा दोष उड्डाणाच्या मुळाशी असतो, नंतर सापडला तर निम्मा खेळ उसवावा लागतो. म्हणून आत्ताच तपासा: फ्रेम रेट बदलून दोनदा डॉकिंग करून बघा.

आणि मतं देताना उपाय सांगू नका, अडचण सांगा. "लेझर दुप्पट ताकदीचा करा" असं लिहिलं तर ते बाजूला पडतं. "पहिल्या चाच्याला मारायला एवढा वेळ लागला की मी कंटाळून पळ काढला" असं लिहिलं तर त्यांना काम करता येतं. लेझर ठीकच असेल, चाच्याची ढाल जास्त असेल, कुणी सांगावं.

थ्रस्टर_बिघडला
जहाज सरकतंय? म्हणजे न्यूटनच आहे! वा!

पॅच_पांडू
नाही हो. बग आहे.

थ्रस्टर_बिघडला
ठेवावा.

मालवाहू
डॉकिंग कॉम्प्युटर असेल तर हा प्रश्नच येत नाही. कमोडोर ६४ वरच्या एलिटमध्ये तो लावला की ब्लू डॅन्यूब वॉल्ट्झ वाजायचं. ज्यांनी ऐकलंय त्यांनाच कळेल. नव्या खेळात वॉल्ट्झ नसेल तर मी एक दमडी देणार नाही.

लेझर_उधारीवर
आम्ही हाताने डॉक करायचो. कॉम्प्युटर विकत घ्यायला क्रेडिट कुठून आणायचे?

निवांत_नेबुला
पॅच_पांडूंचा प्रतिसाद वर पिन करायला हवा. एकच भर: मोहिमेच्या पानावर बीटा 'रिलीजच्या किती आधी' देणार ते बघा. आठवडाभर आधीचा बीटा म्हणजे नुसती लवकर मिळालेली प्रत, तेव्हा कोणी काही बदलत नसतं.

आणि नंतर टियर वाढवायचा असेल तर बरेच जण मोहीम संपल्यावर प्लेज मॅनेजरमध्ये (पत्ता, टियर वगैरे पक्कं करायचं पान) ती सोय देतात. म्हणजे आत्ता कमी घेऊन थांबता येतं. ही सोय आहे का ते निर्मात्यालाच टिप्पणीत विचारा.

टर्बोबटण
मी एका मोहिमेत तारकामंडळाला नाव द्यायचा टियर घेतला होता. मांजरीचं नाव दिलंय. आहे एवढ्या कोपऱ्यात की तिथे इंधन भरायलाही काही नाही, पण नकाशात शोधलं की दिसतं. पाहुण्यांना दाखवतो. हे सुख २५ डॉलरवाल्यांना कळायचं नाही.

रिकामी_कॉकपिट
सर्वांचे आभार. पॅच_पांडूंनी सांगितलं तसं फ्रेम रेट बांधून पाहिला. ३० ला जहाज सरकत नाही, १२० ला सरकतं. जसंच्या तसं लिहून निर्मात्यांच्या फोरमवर टाकलं (डेमोसाठीचा भाग सगळ्यांना उघडा आहे, टियर लागत नाही). त्यांच्या प्रोग्रामरने दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं, सेव्ह फाइल मागितली.

म्हटलं, हे फुकटात होतंय तर बीटाला पैसे कशाला? परिषद तर नकोच, इथेच एवढी दमछाक झाली.

९० चा घेतला. नकाशासाठी. जुन्या खोक्यातला नकाशा भिंतीवर लावून लावून घड्यांवर फाटला होता. नव्यात व्यापारी मार्ग छापलेत, आणि मागच्या बाजूला जहाजांच्या आकृत्या.

लेझर_उधारीवर
खोका?? मी एवढं लिहिलं ते कोणासाठी?

रिकामी_कॉकपिट
तुमच्यामुळेच टपालखर्च आधी विचारून घेतला. आणखी १८ डॉलर.

कासवगती
५० चं बजेट १०८ वर. छान.

टर्बोबटण
अजून फक्त ४२ टाकले असते तर परिषद मिळाली असती.

पॅच_पांडू
सेव्ह फाइल पाठवताना सोबत ग्राफिक्स कार्ड आणि ड्रायव्हरचा नंबर द्या. मागतीलच.

धूमकेतू_नवा
धागा पूर्ण वाचला नाही. हा मोबाइलवर चालेल का? आणि फुकट कुठे मिळेल?