सात धनी बदललेला सामुराई: बेइमान की शहाणा?

नाठाळ:
सामुराई म्हटलं की आपण लगेच स्वामिनिष्ठेचे गोडवे गायला लागतो. सेन्गोकु काळातल्या, म्हणजे जपानात सरदार आपापसांत लढत होते त्या काळातल्या, चाकरीला ही फुटपट्टी लावूच नये असं माझं मत. तोदो ताकातोरा या सामुराईचंच बघा. १५७० साली आनेगावाच्या लढाईत हा पोरगा अझाई घराण्याकडून लढला. तीन वर्षांत ते घराणंच बुडालं. मग या दारातून त्या दारात करत १५७६ मध्ये, पुढे साऱ्या जपानचा सत्ताधीश झालेल्या हिदेयोशीचा भाऊ हिदेनागा याच्याकडे ३०० कोकुंवर लागला. एक कोकु म्हणजे साधारण दीडशे किलो तांदूळ, एका माणसाची वर्षाची बेगमी. यातूनच घोडा, हत्यारं आणि लढाईला न्यायची माणसं पोसायची! धनी बुडाला तर तुम्ही रोनिन, म्हणजे बिनधन्याचा सामुराई, चूल बंद. गडी शेवटी तीन लाख कोकुंच्या वर गेला. ‘सात धनी बदलल्याशिवाय सामुराई नव्हे’ हे वाक्य त्याच्या नावावर खपवतात. त्याचं असो-नसो, मला पटतं.

पंतोजी:
पटणारच तुम्हाला. तोरीई मोतोतादा ऐकलाय? १६०० साली फुशिमीचा किल्ला, आत दोनेक हजार माणसं, बाहेर चाळीस हजार. किल्ला पडणार हे त्यालाही ठाऊक आणि त्याचा धनी, पुढे शोगुन झालेला तोकुगावा इएयासु, त्यालाही. तरी दहा दिवसांच्या वर झुंजवला आणि तिथंच मेला. तिथल्या रक्ताळलेल्या फळ्या क्योतोच्या योगेन-इन देवळात छताला लावल्यात असं सांगतात. खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात याला.

नाठाळ:
मान्य. पण तोरीई इएयासुबरोबर लहानपणापासून, इएयासु ओलीस होता तेव्हापासूनचा. असा धनी ताकातोराला कुठला? शिवाय तोरीईकडे ४०,००० कोकु होते, मुलाला पुढे १,००,००० मिळाले. निष्ठेचाही हिशोब व्हायचाच.

अबोली:
दोघेही बड्या लोकांतच अडकलात. गावात शेती कसून बोलावणं आलं की भाला उचलणारा सामुराई होताच की. १५८८ मध्ये हिदेयोशीनं गावागावातली हत्यारं जमा केली, १५९१ मध्ये सामुराईनं शेतकरी व्हायचं नाही असा हुकूम काढला. नांगर धर नाहीतर तलवार! धनी बदलणं दूरच, या माणसाला स्वतःचं गावच सोडावं लागलं.
आणि ताकातोराला उगाच बदनाम करता. हिदेनागाकडे तो त्याच्या मरणापर्यंत राहिला, पंधरा वर्षं. हिदेनागाचा वारसही गेला तेव्हा कोया या मठांच्या डोंगरावर जाऊन बसला. हा काय पळपुट्या?

पंतोजी:
बसला, आणि हिदेयोशीनं परत बोलावून उवाजिमाचे ७०,००० कोकु दिले. ते का विसरता? १५९८ ला हिदेयोशी गेला. दोन वर्षांत सेकिगाहाराच्या निर्णायक लढाईला हे महाशय इएयासुच्या बाजूनं! हिदेयोशीचा मुलगा हिदेयोरी तेव्हा सात वर्षांचा.

नाठाळ:
सेकिगाहाराला दोन्ही बाजू हिदेयोरीचंच नाव घेत होत्या, पंतोजी.

पंतोजी:
१६१५ ला इएयासुबरोबर हिदेयोरीच्या ओसाका किल्ल्यावर चालून गेले, हिदेयोरी संपला, तेव्हा कुणाचं नाव घेत होते?

अबोली:
त्या मोहिमेत याओच्या लढाईत ताकातोराच्या स्वतःच्या घरातली माणसं पडली. फुकट नाही मिळाले हो ते तीन लाख.