मनी गेल्यापासून बंड्या झोपाळ्याखालून उठत नाही

पडवीतली:

नमस्कार. लांबलचक होणार आहे, आधीच माफी मागते.

आमचं घर रत्नागिरीपासून तासाभरावर, खाडीच्या काठाला. घरात मी, नवरा, सासूबाई आणि परवापरवापर्यंत दोन जनावरं. मनी, मांजर, १४ वर्षांची. बंड्या, गावठी कुत्रा, ६ वर्षांचा. बंड्याला पिल्लू असताना कुणीतरी पोत्यात घालून पऱ्ह्याशी, म्हणजे ओढ्याशी, सोडलं होतं, तो नवऱ्याने उचलून आणला. मनीने पहिल्या दिवशी त्याच्या नाकावर ओरखडा काढला (खूण अजून आहे) आणि तिसऱ्या दिवशी त्याला चाटायला लागली. तेव्हापासून तो तिचाच. पावसाळ्यात दोघं न्हाणीत बंबामागे एकमेकांत गुरफटून झोपायची. बांगड्याचं डोकं दिलं की मनी निम्मं खायची आणि ताटली पंजाने पुढे सारायची. उरलेलं बंड्याचं. तोवर हा दोन हात लांब लाळ गाळत बसायचा, पण तोंड घालायचा नाही.

मनीच्या किडन्या गेल्या होत्या. सलाईन वगैरे सगळं केलं. ११ दिवसांपूर्वी पहाटे गेली. बंड्या तेव्हा नवऱ्याबरोबर कलमांच्या बागेत गेला होता, तो यायच्या आत आम्ही तिला रातांब्याखाली पुरलं. सासूबाई म्हणाल्या, त्याला दाखवू नका, घाबरेल. आता तेच मला टोचतंय.

तेव्हापासून झोपाळ्याखाली पडून असतो. वर मनीचं गोणपाट अजून तसंच आहे. पोस्टमन आला तरी मान उचलत नाही. रात्री दोनच्या सुमाराला गळा काढतो. सासूबाई उठून देवाशी दिवा लावतात, "कुत्रं रडणं काही बरं नव्हे" म्हणतात आणि मग कुणालाच झोप लागत नाही. पण सगळ्यात जिव्हारी लागतं ते जेवण. ताटलीतलं निम्मं खातो आणि बाजूला होतो. निम्मं तिच्यासाठी ठेवतो. मी ताटली उचलली की माझ्याकडे बघतो.

शेजारणीकडे मांजरीची तीन पिल्लं आहेत, एक ने म्हणते. आणू का? गोणपाट धुऊन टाकू का? आणि हे असं किती दिवस चालतं?

वऱ्हाडी_गडी:

ताई, आणा न पिल्लू. जनावर विसरते लवकर, आपणच धरून बसतो. आमच्या वाड्यात एक मेलं की दुसरं यायचंच, कोणी विचार नाही केला.

दोन_लॅबवाली:

विसरत वगैरे काही नाही हो. पडवीतली, पिल्लू आत्ता नको. मी ही चूक केली आहे.

माझे दोन लॅब्रेडॉर, पुण्यात तिसऱ्या मजल्यावर. मोठा प्लीहेच्या गाठीने गेला. धाकटी दारामागे तोंड घालून बसायची, ते बघवेना म्हणून नवव्या दिवशी पिल्लू आणलं. पिल्लू तिच्या शेपटीला लोंबकळायचं, तिच्या भांड्यात तोंड घालायचं. चौथ्या दिवशी तिने त्याचा कान फोडला. जन्मात कुणावर गुरगुरली नव्हती. पिल्लू नणंदेकडे गेलं, आणि ही कॉटखाली, पुढचे तीन आठवडे. तिला सोबत हवी होती की मला, हे मी तेव्हा स्वतःला विचारलंच नाही.

इटलीतली एक पाहणी २०२२ साली छापून आली होती. दोन कुत्र्यांतलं एक गेलेल्या ४२६ मालकांना विचारलं, तर ८६ टक्के लोकांनी मागे राहिलेल्याच्या वागण्यात वाईट बदल झाल्याचं सांगितलं. खेळणं कमी, झोप जास्त, खाणं कमी, सारखं माणसांना चिकटणं. दोघं किती वर्षं एकत्र होती याने फरक पडला नव्हता; त्यांचं पटत होतं का, जेवण वाटून खात होती का, याने पडला होता. ताटलीचं वाचून तेच आठवलं. तुमची कुत्रा-मांजराची जोडी, त्यामुळे जसंच्या तसं लागू करू नका. शिवाय हे सगळं मालकांनी सांगितलेलं, कुत्र्यांना कुणी विचारायला गेलं नव्हतं. पण मालक जितका खचलेला, तितका कुत्रा भेदरलेला, असंही त्यात आढळलं होतं. ते मात्र मला शंभर टक्के पटलं. मी रडायला बसले की ती आधी माझ्याकडे आणि मग दाराकडे बघायची.

गोणपाट राहू दे. वास आपोआप उडतो, त्याला उडू द्या. रात्री ओरडू नका त्याच्यावर. दिवा लावायला सासूबाई उठतातच, तर त्यांनाच दोन मिनिटं त्याच्याजवळ टेकायला सांगा. आणि दिवसा घरातून बाहेर काढा. रोजचा रस्ता नको, नवा घ्या. नवे वास मिळाले की नाक कामाला लागतं. आमच्याकडे पहिल्यांदा शेपटी हलली ती कॅनॉलच्या कडेला, म्हशी बघून.

निवृत्त_पशुधन:

ताई, मी ३१ वर्षं जनावरांच्या सरकारी दवाखान्यांत काढली. डॉक्टर नव्हे, पण गोठे आणि अंगणं भरपूर पाहिली. आधी मला सांगा, बंड्याच्या कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत बोट घालून पाहिलंत का? गोचीड आहेत का? ओठ वर करून हिरडी बघा, गुलाबी आहे की फिकट?

विचारतो अशासाठी की कलमांत हिंडणारा गावठी कुत्रा ११ दिवस मलूल पडतो आणि निम्मं खातो, तर दुःखाच्या आधी माझ्या मनात गोचीड-ताप येतो. लक्षणं हुबेहूब तीच. घरात नुकतं कुणी गेलेलं असलं की सगळे म्हणतात सोबत्याचा धसका घेतला, आणि रक्त तपासायचं राहून जातं. नाकातून रक्त आलं की मग धावाधाव. अशी दोन तरी चांगली कुत्री मी पाहिली आहेत.

हात लावून ताप कळत नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. घरातली तापाची गोळी देऊ नका. रक्त तपासायला द्या, प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) मोजून घ्या. गोचीड-तापच निघाला तर औषध आहे, पण कोर्स साधारण चार आठवड्यांचा. दहाव्या दिवशी उड्या मारायला लागला म्हणून बंद करायचा नाही.

दुसरं. भूक लागावी म्हणून माशाचं कालवण घालत असाल तर थांबा. वाटणातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतो. नुसता उकडलेला मासा, काटे काढून, कोमट. कोमट असला की वास सुटतो.

मनीला दाखवली असती तर, हे मनातून काढा. मेलेल्या सोबत्याला हुंगून सरळ निघून गेलेली कुत्री पाहिली आहेत आणि संध्याकाळपर्यंत शेजारी बसून राहिलेलीही. दाखवून सुटतं असा काही नियम नाही.

पडवीतली:

काका, गोचीड निघाल्या. डाव्या कानात सात आणि पुढच्या पायाच्या बेचकीत एक टपोरी, तुरीच्या दाण्याएवढी. मी रोज त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होते, पण कानात बघितलं नव्हतं. हिरडी फिकटच वाटली. उद्या पतसंस्थेतून अर्धी रजा टाकून नेते. आणि हो, कालवणच घालत होते, वाटणासकट.

शेजारणीला पिल्लू सध्या नको म्हणून सांगितलं.

निवृत्त_पशुधन:

गोचीड हाताने ओढून चिरडू नका. बाकीचं तिथले डॉक्टर सांगतील. झोपाळ्याखालची जमीन आणि ते गोणपाट मात्र बघा. गोचीड अंगावर जितकी असते त्याहून जास्त फटींत असते.

पडवीतली (१६ दिवसांनी):

कुणी वाट बघत असेल तर सांगते. प्लेटलेट ६८ हजार आल्या, दोन लाखांच्या वर हव्यात म्हणे. गोचीड-तापच. गोळ्या चालू आहेत, गुळाच्या खड्यात घालून देते. गोणपाट शेवटी उकळत्या पाण्यात घालावं लागलं, इलाज नव्हता. फटींत खरंच गोचीड होत्या. वाळवून परत झोपाळ्यावर टाकलं. तो येऊन हुंगून गेला.

दोन_लॅबवाली, नवा रस्ता घेतला. जेटीकडे. तिथे जाळी विणत बसणारे आजोबा आहेत, त्यांच्याशी याची गट्टी जमली आहे. रात्रीचं रडणं अजून आहे, पण रोज नाही. सासूबाई आता दिवा लावून त्याच्याशी बोलत बसतात. काय बोलतात ते आम्हाला सांगत नाहीत. झोपाळ्याखालीही दुपारचा जातोच, तापाचा आणि त्याचा संबंध नसावा.

जेवणाचं सांगायचं राहिलं. पाचव्या गोळीनंतर उकडलेला बांगडा दिला, तर पूर्ण खाल्ला. ताटली चाटून अंगणभर सरकवत नेली. निम्मं तिच्यासाठी ठेवत नव्हता, त्याला जात नव्हतं इतकंच. नवरा टाळ्या वाजवत होता. मी ताटली विसळायला घेतली आणि खरं सांगू, मला जरा वाईटच वाटलं.