काळ्या मोहऱ्यांसाठी कारो-कान

बुद्धिबळात पांढऱ्याने ई४ खेळले (राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे सरकवले) की नवशिक्यानेही सिसिलियन बचावच (सी५ हे उत्तर) खेळावा, कारण त्यात जिंकण्याची संधी अधिक असते, हे मत मला तितकेसे पटत नाही. सिसिलियनमध्ये पाठांतराचे ओझे मोठे आहे. त्याऐवजी मी कारो-कान बचाव (पांढऱ्याचे ई४, काळ्याचे सी६; मग पांढऱ्याचे डी४, काळ्याचे डी५) सुचवेन. फ्रेंच बचावातही (ई४ ला ई६ हे उत्तर) पुढे डी५ खेळूनच मध्यावर आव्हान दिले जाते, परंतु तेथे ई६ वरचे प्यादे वजिराच्या बाजूच्या उंटाची वाट अडवते आणि तो बिचारा कित्येक चाली घरातच कोंडून राहतो. कारो-कानमध्ये मात्र उंट बहुधा आधी एफ५ वर बाहेर येतो आणि मगच ई६ खेळून प्याद्यांची भक्कम फळी उभारता येते. सोव्हिएत खेळाडू बोटविनिकने १९५८ मध्ये स्मिस्लोव्हकडून जगज्जेतेपद परत मिळवले, त्या सामन्यात हाच बचाव त्याच्या कामी आला होता.

अर्थात भक्कम म्हणजे निर्धोक नव्हे. तिसऱ्या चालीला पांढऱ्याचा घोडा सी३ वर आला, काळ्याने ई४ वरचे प्यादे मारले, त्या घोड्याने उलट मारले आणि काळ्याने घोडा डी७ वर काढला, असे समजू. आता पांढऱ्याने वजीर ई२ वर आणला आणि काळ्याने केवळ सवयीने दुसरा घोडा एफ६ वर ठेवला, तर पांढऱ्याचा घोडा डी६ वर येताच मात होते, कारण ई७ वरचे प्यादे वजिराच्या माऱ्यामुळे राजासमोरून हलूच शकत नाही. येथे आधी ई६ खेळावे.