रोमन डेनारियस पारखताना वजनावर किती विसंबावं?

भिंगधारी
डेनारियस या रोमन चांदीच्या नाण्याचं वजन ३.४ ते ३.९ ग्रॅममध्ये बसलं की नाणं अस्सल, असं नवख्या संग्राहकांना सर्रास सांगितलं जातं. हा सल्ला घातक आहे. इ.स.पू. २११ च्या सुमारास हे नाणं सुरू झालं तेव्हा एका रोमन पौंडात ७२ नाणी पाडत, म्हणजे नगाला साधारण ४.५ ग्रॅम. लवकरच ७२ ची ८४ झाली, म्हणजे ३.९. सम्राट नीरोने इ.स. ६४ मध्ये ती ९६ वर नेली, म्हणजे ३.४. शिवाय हिशेब पौंडामागे नगांचा होता, एकेक नाणं तोलून काढत नसत. त्यामुळे त्याच टांकसाळीच्या, त्याच वर्षाच्या नाण्यांतही फरक दिसतो. रोमन सेनानी मार्क अँटनीने इ.स.पू. ३२-३१ मध्ये सैन्यासाठी पाडलेली, गलबत आणि गरुडाची चित्रं असलेली नाणी पुढे पिढ्यान्‌पिढ्या हातोहात फिरली. त्यातलं झिजलेलं नाणं ३.२ भरलं तर बिघडलं काय? आणि नकली नाणं करणाऱ्यालाही हे आकडे ठाऊक असतातच.

माझ्या मते खरा पुरावा ठशाचा. नाण्यावर छाप उमटवणारे हे ठसे हाताने कोरलेले असत, म्हणून एकाच प्रकारातले दोन ठसेही तंतोतंत सारखे नसतात. नाकाचा शेंडा कोणत्या अक्षराकडे आहे, पुष्पमुकुटाची टोकं कुठे संपतात, मजकुराचं पहिलं अक्षर खांद्यापासून किती लांब आहे, हे संग्रहालयातल्या नाण्यांच्या फोटोंशी पडताळा. पुढच्या बाजूचा ठसा ऐरणीत बसवलेला असे आणि तो जास्त टिके. त्यामुळे पुढची बाजू जुळली आणि मागची वेगळी निघाली, तर दचकू नका.

तोळामासा
सहमत नाही. वजन नाणं स्वीकारायला नसतं, नाकारायला असतं. सम्राट टिबेरियसचं फारसं न झिजलेलं नाणं २.७ ग्रॅम भरलं, तर ते ओतीव असेल किंवा तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवलेलं असेल. हा संशय काटा मिनिटभरात दाखवतो, ठसे जुळवायला संध्याकाळ जाते.

वजनाच्या जोडीला घनता घ्या. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक नायलॉन दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पेल्याच्या तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काट्यावर दिसेल तो आकडा विस्थापित पाण्याचा. नाण्याच्या वजनाला त्याने भागा. शुद्ध चांदी १०.४९, तांबं ८.९६. पाणी उकळून गार केलेलं घ्या आणि त्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाका, नाहीतर अक्षरांच्या खाचांत हवेचे बुडबुडे अडकतात आणि घनता खोटी कमी येते.

भिंगधारी
पद्धत बरोबर, पण घरगुती काट्याची ०.०१ ग्रॅमची पायरी इथे फार मोठी आहे. ३.६० ग्रॅमचं नाणं घ्या. पाण्यात ०.३४ आलं तर घनता १०.५९, ०.३६ आलं तर १०.००. एका टोकाला शुद्ध चांदीच्याही वर, दुसऱ्या टोकाला ८० टक्क्यांच्याही खाली!

तोळामासा
म्हणून सराफाचा ०.००१ ग्रॅमचा काटा घ्यावा. पण तांब्याचा गाभा पकडायला ०.०१ सुद्धा चालतो. तसलं नाणं ९.२ च्या आसपास येतं, म्हणजे ३.६० ग्रॅमला ०.३९. तेवढा फरक लपत नाही. मात्र सम्राट आधी ओळखायला हवा. सेप्टिमियस सेव्हेरसने कस जवळपास निम्म्यावर आणला, त्यामुळे त्याच्या अस्सल नाण्याचीच घनता ९.७ च्या आसपास भरते. ऑगस्टसच्या नाण्याला हाच आकडा आला तर ते परत करा.

कसाचा_दगड
एवढी खटपट कशाला? हॉलमार्किंग केंद्रातल्या क्ष-किरण यंत्रावर टक्केवारी लगेच मिळते.

भिंगधारी
ती वरच्या थराची टक्केवारी असते. पाडण्याआधी हिणकस चकत्यांवरचं तांबं धुऊन काढत, शिवाय जमिनीत पुरलेल्या नाण्यांच्या पृष्ठभागातूनही तांबं निघून जातं. वर चांदी उरते आणि आत हीण. सेव्हेरसच्या नाण्यावर यंत्राने फुगवलेला कस दाखवला तर त्यावरून काहीच ठरत नाही. यंत्राचा उपयोग वेगळाच आहे. प्राचीन चांदीत सहसा थोडं सोनं आणि शिसं राहून गेलेलं असतं. दोन्ही अजिबात नसून ९९.९ टक्के चांदी दिसली, तर ती आधुनिक शुद्धीकरणाची समजावी.

जोगळटेंभी
वजनाचा मान आपल्याकडेही होताच. रोमन लेखक प्लिनीने लिहिलंय की लंकेच्या राजाला डेनारियसचं कौतुक वाटलं, कारण चेहरे वेगवेगळे असूनही वजन सारखं होतं. दक्षिण भारतातल्या साठ्यांत ऑगस्टस आणि टिबेरियसची नाणी सर्वांत जास्त सापडतात. पण वजनावरून नाणं पाडणारा कळत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीच्या १९०६ च्या साठ्यात क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी निघाली आणि त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. वजन नहपानाचंच, सत्ता दुसऱ्याची. ठसा वाचल्याशिवाय हे कळलंच नसतं.

तोळामासा
ठसा वाचायला माझा विरोध नाही, ‘ठसा जुळला म्हणजे अस्सल’ या समजुतीला आहे. अस्सल नाण्यावरून साचा करून ओतलेल्या नकलेत ठसा जुळणारच. त्याच नाण्यावरून पोलादी ठसा बनवून दाबलेल्या नकलेतही जुळेल, वर तिचं वजनही बिनचूक असेल.

भिंगधारी
हे मान्य. म्हणून ठशाबरोबर ठशाबाहेरच्या खुणाही पाहाव्यात. ठसा एक असला तरी दोन अस्सल नाण्यांवर तोच ओरखडा, कडेला तीच चीर आणि छाप तेवढीच सरकलेली, असं होत नाही. तिन्ही जुळलं तर निदान एक नाणं नक्कीच नकल आहे, वजन काहीही असो. भिंग दहापट घ्या आणि उजेड डावीकडून तिरका. ओतीव नाण्यात सपाट भागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे आणि अक्षरांच्या कडा गुळगुळीत दिसतात. ठोकलेल्या नाण्यात अक्षरांपासून कडेकडे धातू वाहिल्याच्या रेषा असतात. घासून काढलेल्या नाण्यात या रेषाच पुसल्या जातात, म्हणून पॉलिश केलेलं नाणं मी स्वस्तातही घेऊ नका म्हणेन.

तोळामासा
खड्ड्यांबाबत सावध राहा. शतकानुशतकं जमिनीत राहिलेली चांदी क्षारांनी खाल्ली जाते आणि अस्सल नाण्यालाही खड्डे पडतात. ते वेडेवाकडे, धारदार कडांचे असतात, ओतीव नाण्यातले बुडबुड्यांचे खड्डे मात्र गोल. अशा सच्छिद्र नाण्याची घनताही कमी येते, तेवढ्यावरून त्याला नकली ठरवू नका. आणि ‘खणखण वाजवून बघा’ हे तर कुणालाच सांगू नका. जुन्या चांदीचे कण आतून सुटे होऊन ती ठिसूळ होते, वरून ती धडधाकट दिसते आणि फरशीवर आपटताच दोन तुकडे होतात. नाणं हाताळताना टेबलावर जाड कापड अंथरा आणि नाणं कडेनेच धरा.