सूनबाई आडनाव बदलणार नाहीत, मग कागदपत्रांचं काय? (आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा)

*साने काकू, बी-३०४:* सगळ्यांना नमस्कार. प्रश्न घरगुती आहे, पण तुमच्यापैकी बऱ्याच जणांना अनुभव असेल म्हणून इथेच विचारते. तुळशीचं लग्न झालं की पहिल्याच मुहूर्तावर आमच्या मुलाचं लग्न आहे. सून म्हणते, नाव-आडनाव काहीच बदलणार नाही. आमची ना नाही. पण ह्यांना धास्ती वाटते की पुढे व्हिसा, बँक, घराचे कागद, कुठेतरी अडेल. जानेवारीत दोघं परदेशी जाणार आहेत. कायद्याने चालतं ना?

*जोग काका, ए-१०१:* चालत असेल. पण घराला एक आडनाव असावं असं मला मनापासून वाटतं. उद्या नातवंडांच्या शाळेत आईचं आडनाव वेगळं दिसलं की दहा प्रश्न येणार.

*शिर्के ताई (वकील), सी-७०२:* काकू, निर्धास्त राहा. लग्नानंतर बाईने आडनाव बदलायलाच हवं असं कुठल्याही कायद्यात नाही. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात नाही, १९५४च्या विशेष विवाह कायद्यातही नाही. पासपोर्टवर आहे तेच नाव ठेवून पतीचं नाव घालून घेता येतं. लग्नाची नोंदणी मात्र लगेच उरका, महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात होते. नवरा-बायकोच्या नात्याचा पुरावा म्हणून व्हिसाला तेच प्रमाणपत्र मागतात.

*पवार वहिनी, बी-५०१:* मी आडनाव हौसेने बदललं. सासरी कोणी म्हणालं नव्हतं, मलाच आवडलं, आणि आजही आवडतं. म्हणून बदलणाऱ्या मुलींसाठी लिहिते. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलून मिळतं, तेव्हा आधी नीट ठरवा. मग आधार, त्यानंतर पॅन, बँक, पीएफ. मध्येच थांबू नका. पॅनवर जुनं आणि बँकेत नवं राहिलं तर प्राप्तिकराचा परतावा खात्यात येत नाही. पीएफचं नाव आधारशी जुळलं नाही तर क्लेम अडकतो. पासपोर्टवर आडनाव बदलायचं म्हणजे नवीन पुस्तिका, मुंढव्याच्या पासपोर्ट केंद्राची फेरी, पोलीस पडताळणी. तिकीट आणि व्हिसा पासपोर्टवरच्या नावाप्रमाणेच लागतात. दोन महिन्यांवर प्रवास असताना यात पडूच नये. काकू, तुमच्या सुनेला यातलं काहीच करावं लागणार नाही.

*काळे आजी, ए-२०३:* नातीकडून टाइप करून घेते आहे. आमच्या वेळी आडनावावर भागत नसे, नावही बदलायचे. माझं माहेरचं नाव सिंधू. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने वसुधा लिहिलं आणि पेढे वाटले. मी अठरा वर्षांची, मला त्याची गंमतच वाटली होती. सासरी सगळ्यांनी प्रेमाने वागवलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण वडील गेल्यावर जमिनीला वारस लावायची वेळ आली तेव्हा कळलं. वारसांच्या यादीत सिंधू, आणि माझ्याजवळचा एकूण एक कागद वसुधा काळे या नावाचा. गावची शाळा कधीच बंद पडलेली, दाखला आणायचा कुठून? शेवटी सिंधू आणि वसुधा या एकच व्यक्ती आहेत असं प्रतिज्ञापत्र केलं. भावांनी सह्या केल्या म्हणून निभावलं. ज्यांचे भाऊ सही करत नाहीत त्यांचं काय होत असेल? हिंदू वारसा कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला. पण तो मागायला गेले तर आधी मीच ती मुलगी आहे हे मला सिद्ध करावं लागलं.

*काळे आजी, ए-२०३:* आणखी एक. सेवासदन उभारणाऱ्या रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. डॉ. आनंदीबाई जोशीही माहेरच्या यमुनाच. एवढ्या मोठ्या बायका, पण त्यांची ही नावं आपल्या मुलींना कोणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं. साने, मुलीचं नाव तसंच राहू द्या.

*पवार वहिनी, बी-५०१:* 🙏 आजी, हे माहीतच नव्हतं.

*शिर्के ताई (वकील), सी-७०२:* आजींसारखी प्रकरणं माझ्याकडे सतत येतात. पहिलं नावही बदललं असेल तर नुसत्या विवाह प्रमाणपत्रावर भागत नाही, राजपत्रात नाव छापून घ्यावं लागतं. पूर्वी बायकांनी ते केलेलंच नसतं. ज्यांच्या आई-आजीची नावं अशी बदलली आहेत त्यांनी प्रतिज्ञापत्र आत्ताच करून ठेवा, जुन्या नावाने ओळखणारी माणसं आहेत तोवर.

जोग काका, शाळेचं म्हणाल तर राज्य सरकारच्या निर्णयाने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. आईचं नाव नावातच आलं. जन्मदाखल्यावर आईचं नाव तिच्या आधारप्रमाणे असलं म्हणजे झालं. त्याच निर्णयात मालमत्तेच्या दस्तऐवजात लग्नाआधीच्या नावाने नोंद करण्याची मुभाही स्त्रीला दिली आहे.

*जोग काका, ए-१०१:* शाळेचं पटलं. एक घर एक आडनाव मला अजूनही आवडतं, पण ते माझ्यापुरतं. मुलीवर सक्ती नको, हे मान्य.

*सेक्रेटरी:* सोसायटीचं सांगतो. खरेदीखतात आणि इंडेक्स टूवर (दस्तनोंदणीच्या उताऱ्यावर) जे नाव, तेच शेअर सर्टिफिकेटवर येतं. सुनेचं आडनाव वेगळं असल्याने काहीही अडत नाही. नॉमिनेशनमध्ये मात्र आधारवर आहे तसंच पूर्ण नाव लिहा. अनेक जण सवयीने सौ. लिहून पुढे सासरचं आडनाव लावतात, मुलीने ते कधी घेतलेलंच नसतं. मग प्रसंग आला की नाव जुळत नाही.

*साने काकू, बी-३०४:* सगळ्यांचे आभार. ह्यांना सगळं वाचून दाखवलं, आजींचा मेसेज दोनदा. पत्रिका उद्या छापायला जाणार आहे, तिच्या नावाचं स्पेलिंग तिलाच फोन करून विचारते. नॉमिनेशनचे फॉर्म किती लागतील?

*सेक्रेटरी:* तीन प्रती, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या. ऑफिस संध्याकाळी सात ते आठ उघडं असतं.