म्युनिकची खोली: पुण्यातूनच डिपॉझिट पाठवावं का?

प्रश्न (कोथरूड): ऑक्टोबरपासून म्युनिकला मास्टर्स. घरमालक म्हणतो, आधी डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरने येईल. पाठवू का?

उत्तर १: अजिबात नको! कुरिअरची किल्ली हा जुनाच सापळा आहे. आधी व्हिडिओ कॉलवर खोली, मग सहीचा करार, मग पैसे. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त ३ महिन्यांच्या मूळ भाड्याएवढं. तेही ३ मासिक हप्त्यांत देता येतं, पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना.

उत्तर २: जाहिरातीत ‘काल्ट’ भाडं असेल तर हीटिंग-पाणी वेगळं. ते धरून असलेला ‘वार्म’ आकडाच विचारा. वीज-इंटरनेट त्यातही बहुधा नसतं.

उत्तर ३: त्या पत्त्याची शहराच्या कार्यालयात नोंदणी करता येईल ना, हे घरमालकाकडून लेखी घ्या. राहायला गेल्यावर २ आठवड्यांत ती करायची असते, घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं. टाळाटाळ केली तर सोडा. विद्यार्थी हॉस्टेलची रांग लांब असते, अर्ज आजच टाका.